वेगळी काढलेली मुलं

'कोयता गँग' नावाची एकच एक टोळी पुण्यात नाही. आहेत ती वस्तीवस्तीतली पंधरा-सतरा वर्षांची पोरं, रात्री फोडलेल्या गाड्यांच्या काचा आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फिरणारं रील. अशा प्रत्येक घटनेनंतर दोन मागण्या उठतात. पहिली, वयाची सवलत काढून घ्या. (2015च्या बालन्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर अतिगंभीर गुन्ह्यांत प्रौढांसारखा खटला चालवायची वाट आधीच मोकळी केली आहे, पण ते असो.) दुसरी मागणी सौम्य. समुपदेशन, शिबिरं, खेळ, कौशल्य प्रशिक्षण हे सगळं प्रत्येक वस्तीत न्या. मी दुसऱ्या बाजूचा आहे, आणि त्या बाजूला न रुचणारी एक गोष्ट मला सांगायची आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज आणि समरव्हिल ही लगतची शहरं आहेत. डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या कल्पनेतून तिथे 1939मध्ये एक उपक्रम सुरू झाला. 506 मुलगे निवडून, परिस्थिती सारखी पाहून त्यांच्या जोड्या लावल्या आणि नाणं उडवून प्रत्येक जोडीतला एक उपक्रमात घेतला. त्याला सरासरी पाच वर्षं समुपदेशक मिळाला. महिन्यातून साधारण दोनदा भेट, अभ्यासात मदत, दवाखाना, उन्हाळी शिबिर. आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेला हेवा वाटावा असं काम. सुमारे तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्या मुलांचा माग काढला आणि 1978मध्ये निष्कर्ष छापले. गुन्हेगारी घटलेली नव्हती. उलट पुन्हा गुन्हा करणं, दारू, गंभीर मानसिक आजार यांत उपक्रमातली माणसं आपल्या जोडीदारांच्या पुढे होती, आणि त्यांच्यातले जे वारले ते अधिक तरुण वयात वारले. यांतल्याच सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी मात्र उपक्रमाचा आपल्याला फायदा झाला असं सांगितलं होतं.

असं का व्हावं? मॅकॉर्ड यांनी हा प्रश्न पुढेही सोडला नाही. सर्वांत ठळक धागा सापडला तो शिबिरांचा. जी मुलं एकाहून अधिक वेळा शिबिराला गेली, त्यांचं नुकसान जास्त होतं. मॅकॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तर्क असा की मोठ्यांची नजर सैल असते तिथे पोरं एकमेकांची उस्ताद होतात. मारामारीच्या गप्पांना हशा मिळतो आणि हशा मिळाला की पुढची गप्प खरी करून दाखवावीशी वाटते.

आता आपल्याकडे अशा उपक्रमांची 'व्याप्ती वाढवणे' कसं होतं ते पाहा. नोंद असलेल्या मुलांची यादी, सभागृहात मेळावा, साहेबांचं मार्गदर्शन, टी-शर्ट, ग्रुप फोटो. अशा मुलाची ओळख उघड करायला कायद्याची बंदी आहे, पण यादीतलं नाव वस्तीत दोन दिवसही लपत नाही. सतरा वर्षांच्या पोराला त्याची लाज वाटेल हा आपला समज. त्याला ती पदवी वाटते. भरवस्तीत आरोपींची धिंड काढली की तिचंही रीलच होतं.

नागपूरचे विजय बारसे यांनी 2001मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. 'झुंड' या चित्रपटामुळे ते काम घरोघरी पोचलं. त्यात मला मोलाची वाटते ती प्रवेशाची अट, म्हणजे अट नसणं. खेळायला ये, एवढंच. चोरी करणारा आणि न करणारा एकाच संघात. कोण कुठल्या यादीत आहे, हे चेंडूला कळत नाही.

तरी मैदान पुरत नाही, कारण या मुलाला मार्गदर्शक आधीच भेटलेला असतो. मंडळाचा भाऊ. तो पेट्रोलला पैसे देतो, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर याचा फोटो टाकतो, रात्री दोन वाजता पोलीस ठाण्यात येतो, जामिनाची सोय करतो. आपला समुपदेशक सहा वाजता कुलूप लावून घरी जातो, आणि त्याची नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर असते. ही स्पर्धा आपण हरतो यात नवल काय? याउलट, शिकागोत 'बिकमिंग अ मॅन' या उपक्रमात मुलांच्या स्वतःच्याच शाळेत दर आठवड्याला गट बसतो. त्यात सरळ मुलंच असतात असं नाही, पण प्रशिक्षित माणूस समोर असतो. उपक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांतल्या अटका जवळपास निम्म्याने घटल्याचं दिसलं. तो संपल्यावर हा परिणाम ओसरला. म्हणून पैसे असतील तर नवी केंद्रं उघडण्याआधी आहे त्या तालमीत, अभ्यासिकेत, मैदानावर संध्याकाळी सहा ते अकरा थांबणाऱ्या माणसाचा पगार पाच वर्षांसाठी बांधून द्यावा. उद्घाटनाला असा पगार दाखवता येत नाही, हीच त्याची राजकीय अडचण आहे.

आणि जागा कमी, मुलं जास्त, असं होणारच. तेव्हा कोणाच्या शिफारशीने नव्हे, चिठ्ठ्या टाकून मुलं घ्यावीत. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांचीही काही वर्षांनी चौकशी व्हावी, कारण उपक्रमातली मुलं स्वतः काय सांगतात त्यावर विसंबता येत नाही, हे केंब्रिजमध्ये दिसलंच आहे. ही चौकशी संस्थेने स्वतः करू नये. आकडे वाईट आले तर तो उपक्रम बंद करायची तयारी अनुदानाच्या करारातच, सुरुवातीला, लिहून घ्यावी.