निळ्या पॉपीचा हिवाळा

उत्तराखंडच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये जुलै-ऑगस्टला जाणारे मराठी ट्रेकर एका फुलापाशी हमखास थबकतात. खसखशीच्याच गणगोतातली ही रानटी निळी पॉपी, मेकोनॉप्सिस अ‍ॅक्युलिआटा. चुरगळलेल्या रेशमासारख्या पाकळ्या, मधोमध पिवळ्या-केशरी पुंकेसरांचा झुबका आणि देठापासून बोंडापर्यंत अंगभर काटे.

हिचं ताजं बी उबदार खोलीत, उत्तम मातीत पेरलं, तरी ते बहुधा ढिम्म राहतं. त्याला आधी हिवाळा लागतो. स्कॉटलंडसारख्या थंड मुलखातले बागवान म्हणूनच थंडीच्या तोंडावर ते कुंडीत भुरभुरवतात. वर फार तर चिमूटभर चाळलेली वाळू, कारण इतकं बारीक बी खोल गाडलं तर वर येत नाही. मग कुंडी बर्फापावसात उघड्यावर. कुणी ओल्या वाळूत कालवून काही आठवडे फ्रीजमध्ये ठेवतात. ओल आणि गारठा, दोन्ही एकत्र मिळायला हवेत.

थंडी सोसल्याचं बक्षीस म्हणून बी उगवतं, असं आपल्याला वाटतं. मला यात त्या बियाचा शहाणपणा दिसतो. डोंगरावर बोंडं पिकतात पावसाळा सरता सरता. तेव्हाच्या कोवळ्या उन्हाला भुलून कोंब बाहेर आला, तर पहिल्याच हिमात जळेल. लांबलचक गारठा अंगावरून गेला, की हिवाळा खरोखरच येऊन गेला याची बियाला खात्री पटते. मगच ते कूस बदलतं.

पुढेही घाई नाहीच. पहिली काही वर्षं नुसती जमिनीलगतची पानं. दर हिवाळ्यात तीही झडतात आणि बर्फाखाली उरतं फक्त मूळ. मग एका उन्हाळ्यात देठ वर येतो, फुलं येतात, बी धरतं आणि झाड मरतं. आयुष्यात एकदाच! म्हणून तिथलं फूल खुडलेलं पाहिलं की जीव तुटतो. ‘पुढच्या वर्षी येईल की’ हे तिच्या बाबतीत खरं नाही. त्या झाडाची सगळी संतती त्या बोंडांतच असते.

पुण्या-मुंबईच्या गॅलरीत ती जगणार नाही, तेव्हा दरीतलं बी खिशात घालून आणू नये. पण थंड देशांत बाग राखून असलेल्या मराठी माणसांनी जरूर हिला लावावं. बागेत वाढवलेल्या झाडांचं बी मिळतं, तेच घ्यावं, आणि फुलांसाठी काही वर्षं हाताशी ठेवावीत.