मूळ गाव

वऱ्हाडात एसटीच्या बाकावर शेजारी बसलेला अनोळखी माणूस आपले नाव विचारण्याआधी गाव विचारतो. ‘कोन्या गावचे जी तुमी?’ या प्रश्नात कुतूहल असते, आपुलकी असते आणि थोडी चाचपणीही असते. गाव कळले की नातेगोते, शेतीवाडी आणि पुष्कळदा जातही कळते. आम्ही या प्रश्नाला आयुष्यभर ‘अमरावती’ असे उत्तर देत आलो. विचारणारा मग हटकून म्हणतो, ‘ते खरं, पन मूळचे कुठले?’ येथे आमचे उत्तर संपते.

आमचे आजोबा छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, मिशनच्या आवारात आले तेव्हा पाच-सहा वर्षांचे असावेत. त्यांच्या स्नानसंस्काराच्या नोंदीत आईवडिलांच्या नावापुढे ‘अज्ञात’ एवढेच लिहिलेले आहे. वऱ्हाडला सोन्याची कुऱ्हाड म्हणणाऱ्यांना त्या वर्षाची आठवण नसते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० नंतर येथल्या कापसाला भाव चढला, रेल्वे आली, आणि ज्वारीच्या पुष्कळ रानात कापूस उभा राहिला. पाऊस रुसला तेव्हा शेतमजुराच्या हाताला काम उरले नाही आणि बाजारात असलेले धान्य त्याला परवडेना. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे एकोणतीस लाख होती. दहा वर्षांनी ती साडेसत्तावीस लाखांवर आली. त्या घटीत आमचे पणजोबा, पणजी आणि कदाचित आणखी काही भावंडे असतील. आजोबा तेवढे त्या घटीतून निसटले.

त्यांना गावाविषयी तीनच गोष्टी आठवत. विहिरीवरची मोट आणि तिच्या चाकाचा आवाज. पांढरीच्या कडेची एक चिंच. आणि गावाच्या नावातला ‘पिंपळ’. पुढचे अक्षर कधी ‘गाव’, कधी ‘खुटा’ होई. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत पिंपळाने सुरू होणारी गावे किती आहेत ते कोणाही तलाठ्याला विचारावे. आजोबांनी गाव शोधण्याचा आग्रह कधी धरला नाही. मात्र पोळ्याच्या दिवशी सायंकाळी कोणालाही न सांगता ते जवळच्या खेड्यात जात आणि तोरणाखाली बैल येईपर्यंत, झडत्या संपेपर्यंत, गर्दीच्या कडेला उभे राहत. घरी आल्यावर जेवणाला बसत नसत. लहानपणी आम्ही एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. त्यांनी आमचा हात इतका घट्ट धरला होता की बोटे दुखली. ज्या मुलाचा हात एकदा सुटला होता त्याने धरलेला तो हात होता, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

आजोबा गेल्यावर, १९८८ च्या हिवाळ्यात, आम्ही अशाच एका पिंपळनावाच्या गावी गेलो. तेव्हा मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतला गाडी धावत होती. आता ती बंद पडली आहे. त्या संथ गाडीने निम्मी वाट काढून पुढे पायी गेलो. पुरावा काहीही नव्हता. विहीर होती, पण विहिरी सर्वत्रच असतात. चिंच तोडलेली होती म्हणे. एका ओसरीवर ऐंशीच्या घरातील एक म्हातारी ज्वारी पाखडत बसली होती. तिने आमचे सगळे बोलणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘माही सासू सांगे, आमच्या घरचं एक पोरगं त्या काळात हरपलं म्हून. तुमी त्याचेच असान. नसान तरी भाकर खाऊन जा.’

आम्ही भाकर खाल्ली. निघताना तिने आमच्या मुठीत अंगणातली मूठभर माती दिली. पुढील कित्येक वर्षे ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नाला आम्ही त्या गावाचे नाव सांगू लागलो. ते सांगताना आवाजात जो ठाम सूर येई तो आम्हांस आवडू लागला. मिशनच्या आवारात वाढलेल्या माणसाला गावातील लोक ‘बाहेरचा’ म्हणतात, आणि तो शब्द किती आत जातो, हे ज्यांनी ऐकला आहे त्यांनाच ठाऊक.

सीमोन वेल या फ्रेंच विदुषीने १९४३ साली इंग्लंडमध्ये, अखेरच्या आजारापूर्वी, मुळांविषयी एक ग्रंथ लिहिला; तो तिच्या मृत्यूनंतर १९४९ साली निघाला. मूळ असणे ही मानवी आत्म्याची फार मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित गरज आहे असे तिचे प्रतिपादन होते. तिला मुळांमध्ये नुसती आठवण अभिप्रेत नव्हती. एखाद्या समूहाच्या चालत्या जीवनात आपला प्रत्यक्ष वाटा असणे अभिप्रेत होते. हा ग्रंथ आम्ही वाचला होता, त्यावर मित्रांशी चर्चाही केली होती. वाचलेले अंगावर येण्यास मात्र निमित्त लागते.

ते निमित्त २००६ साली आले. आम्ही नुकतेच निवृत्त झालो होतो आणि निवृत्तीची रक्कम बँकेत पडली होती. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या. त्याच वर्षी जुलैत केंद्र शासनाने अमरावती, अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्याआधी, पेरणीच्या तोंडावर, म्हातारीचा नातू दारात उभा राहिला. आम्हांस तो काका म्हणत असे. कापसाचे दोन हंगाम गेले होते, सावकाराकडे शेत अडकले होते. त्याला तीस हजार रुपये हवे होते. तो चहा पीत असता आमच्या मनात प्रथमच एक विचार आला: हे गाव खरोखर आपलेच कशावरून?

अठरा वर्षे हा विचार आला नव्हता. नाव सांगून मान मिळवताना आला नाही, मूठभर माती कपाटात ठेवताना आला नाही. रकमेचा आकडा ऐकताच मात्र पुराव्याची आठवण झाली. आम्ही त्याला पाच हजार दिले. ‘एवढेच जमेल रे,’ असे सांगितले, आणि ते खोटे होते.

रूथच्या पुस्तकात हाच प्रसंग आहे, हे ध्यानात यायला आम्हांस काही वर्षे लागली. तेथेही दुष्काळच आहे. भाकरीचे घर असा ज्याच्या नावाचा अर्थ, त्या बेथलेहेमात भाकरी उरली नाही म्हणून एक कुटुंब मवाबात गेले. परतली ती विधवा नामी आणि तिची परकी सून. त्यांचे शेत सोडवण्याचा पहिला हक्क एका जवळच्या नातलगाचा होता. शेत घेण्यास तो तत्काळ तयार झाला. त्या शेताबरोबर रूथची जबाबदारीही येते असे बवाजने सांगताच आपल्या वतनाची हानी होईल म्हणून त्याने हक्क सोडला. पवित्र शास्त्राने त्याचे नावही नोंदवलेले नाही. रक्ताने बेथलेहेमची नसलेली रूथ मात्र दाविदाच्या वंशावळीत जाऊन बसली. आम्ही हे पुस्तक कितीतरी वेळा वाचले होते. त्या बिननावाच्या माणसाजवळ कधी थांबलो नव्हतो.

कोणी म्हणेल, नाते सिद्ध नसता कर्तव्य कसले? हा आक्षेप पोकळ नाही. प्रत्येक पिंपळगावाचे देणे आमच्यावर कसे येईल? पण संशयाचा लाभ घ्यायचा तर तो दोन्ही वेळा घ्यायला हवा होता. मान घेताना खात्री आणि देताना शंका, हा व्यवहार कोणत्याही न्यायात बसत नाही. मेळघाटातील कोरकूंचे उदाहरण मनात येते. व्याघ्र प्रकल्पातून अकोट परिसरात पुनर्वसन झालेल्या गावांतील काही कुटुंबे पुन्हा जंगलातील आपल्या जुन्या गावी परतली, आणि जानेवारी २०१९ मध्ये तेथे त्यांचा शासनाच्या माणसांशी संघर्ष झाला. वाघाचा पक्ष खरा की त्यांचा, हा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे. एवढे मात्र खरे की ‘हे आमचे गाव’ म्हणताना त्यांना काहीतरी पणाला लावावे लागले. आमच्या बाबतीत म्हातारीनेच सगळे पणाला लावले होते. अनोळखी माणसाला, त्याचा धर्म न विचारता, तिने हरवलेले लेकरू म्हणून घरात घेतले होते. ‘नसान तरी’ असे ती म्हणाली होती. हे दोन शब्द आम्ही त्या दिवशी ऐकले, पण त्यांचा उपयोग केला नाही.

नातवाने शेत गमावले नाही. बैलजोडी विकून त्याने निभावले, असे पुढे कळले. म्हातारी तत्पूर्वीच गेली होती. त्याने आमच्याकडे पुन्हा काही मागितले नाही. नाताळात मात्र त्याचा फोन येतो, न चुकता, आणि तो अजूनही काकाच म्हणतो. यंदा त्याने पुन्हा बैल घेतले आहेत. पोळ्याला या, असे त्याचे बोलावणे आहे. आम्ही अद्याप होकार कळवलेला नाही.