त्या रात्रींचं भाडं कुणी भरलं?

प्रत्येक शहराचा एक नकाशा फक्त लोकांच्या बोलण्यात उरलेला असतो. त्यावर बंद पडलेली थिएटरं, पाडलेले बार, आता जिथे बँक किंवा औषधांचं दुकान आहे ते जुने क्लब अजून जागच्या जागी असतात. परदेशातल्या आपल्या घरगुती बैठकींत, जेवणं उरकून मंडळी सैलावली की हा नकाशा हमखास उलगडला जातो. कुणी नव्वदच्या दशकातल्या मुंबईच्या डान्सबारची नावं घेतो, तर कुणी अमेरिकेत नवीन असताना पाहिलेल्या न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्याबद्दल आवाज खाली आणून सांगतो. बायका पलीकडच्या खोलीत आहेत ना, हे त्याआधी पाहून घेतलेलं असतं. शेवटचं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "आता काही राहिलं नाही, सगळं गुळगुळीत करून टाकलं."

या वाक्यातली हळहळ खोटी नसते. तरीही ती वाटून घेण्याचा हक्क कुणाला आणि किती, हा प्रश्न मला सतावतो. तुम्ही म्हणाल, आठवण काढल्याने कुणाचं काय बिघडतं? जागा बंद झाली, माणसं पांगली, आता उरलेल्या गप्पांवर कसली नीती लावायची? या आक्षेपाला उत्तर द्यायचं तर एका शहराची गोष्ट नीट पाहावी लागेल. मी बॉस्टन निवडतो, कारण तिथे शहराने हा सगळा मामला नकाशावर रेघ मारून, कागदोपत्री मान्य केला होता.

बॉस्टनची जुनी रात्रीची करमणूक स्कॉली स्क्वेअर नावाच्या चौकाभोवती होती. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पुनर्विकासासाठी तो चौक जमीनदोस्त झाला. आज तिथे सिटी हॉल आणि सरकारी कचेऱ्या आहेत. चौक गेला, पण गिऱ्हाईक गेलं नाही. धंदा वॉशिंग्टन स्ट्रीटच्या खालच्या अंगाला एकवटला. तिथे गणवेशातले सैनिक आणि खलाशी गर्दी करत, मारामाऱ्या होत, आणि वर्तमानपत्रांनी या भागाला दिलेलं 'कॉम्बॅट झोन' हे नाव चिकटलं. स्ट्रिप क्लब, पीप शो, अश्लील पुस्तकांची दुकानं, प्रौढांचे सिनेमे हे सगळं काही रस्त्यांच्या टापूत होतं.

१९७४मध्ये शहराने या टापूला 'प्रौढ मनोरंजन क्षेत्र' म्हणून अधिकृत दर्जा दिला. डेट्रॉइटने नेमकं उलटं केलं होतं. तिथल्या नियमानुसार असे धंदे एकमेकांपासून हजार फूट लांब ठेवायचे, म्हणजे कुठेच वस्ती होऊ द्यायची नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६मध्ये डेट्रॉइटचा तो नियम मान्य केला. बॉस्टनने मात्र सगळं एका जागी गोळा केलं आणि बाकीच्या शहराला सांगितलं की आता तुम्ही निश्चिंत राहा.

गंमत अशी की वॉशिंग्टन आणि एसेक्स या रस्त्यांच्या ज्या कोपऱ्याभोवती हा झोन होता, तिथेच एके काळी 'लिबर्टी ट्री' हा एल्म वृक्ष उभा होता. १७६५मध्ये ब्रिटिशांच्या स्टॅम्प कायद्याविरुद्ध बॉस्टनकर याच झाडाखाली जमले होते. झोनच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवादही स्वातंत्र्याचाच होता: सज्ञान माणसं आहेत, स्वखुशीने येतात, दाराबाहेर कुणाला त्रास नाही, मग सरकारने नाक का खुपसावं?

या युक्तिवादाचं मूळ बऱ्याच अंशी जॉन स्टुअर्ट मिलपाशी जातं. दुसऱ्याला इजा होत नसेल तर माणसाला अडवण्याचा समाजाला अधिकार नाही, हे त्याचं १८५९च्या 'ऑन लिबर्टी'मधलं तत्त्व. पण मिलला दाखला म्हणून आणणारे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात मिल स्वतःच विचारतो की कुंटणखान्याचा दलाल होण्याचं किंवा जुगाराचा अड्डा चालवण्याचं स्वातंत्र्य असावं का, आणि तिथे तो अडखळतो. हे उदाहरण दोन तत्त्वांच्या सीमेवर पडतं, असं म्हणून दोन्ही बाजू मांडत राहतो. जाणाऱ्या गिऱ्हाइकाचं स्वातंत्र्य त्याला सहज मान्य आहे. त्या जाण्यावर पैसा करणाऱ्याचं स्वातंत्र्य त्याला तितकं सोपं वाटत नाही. कॉम्बॅट झोनचा विचार करताना या दोघांच्या पलीकडे आणखी दोन माणसं दिसायला हवीत: तिथे काम करणारी स्त्री आणि शेजारी राहणारं कुटुंब.

शेजारी कोण होतं? चायनाटाउन. झोनची आणि चायनाटाउनची हद्द एकमेकींना भिडलेली होती, काही रस्त्यांवर तर ती सांगताच येत नव्हती. या वस्तीची जमीन आधीच पन्नासच्या आणि साठच्या दशकांत दोन महामार्गांनी खाल्ली होती, शेजारच्या वैद्यकीय संस्थांचा विस्तारही तिच्याच अंगावर आला होता. आता शहराला नको असलेली रात्रही तिच्या दाराशी अधिकृतपणे बसवली गेली. रहिवाशांनी विरोध केला, वर्षानुवर्षं केला. कामावरून घरी चालत येणाऱ्या बायकांना गाडीतून कुणी ना कुणी हटकायचं. १९८५मध्ये तर एका चिनी स्थलांतरिताला, तो वेश्येशी सौदा करतोय अशा संशयावरून, साध्या वेशातल्या पोलिसाने मारहाण केली आणि चायनाटाउन रस्त्यावर उतरलं. त्या माणसाचा दोष इतकाच की शहराने ज्या जागी आपली लाज नेऊन ठेवली होती, तिथे तो राहत होता.

शहराने सहिष्णुता दाखवली, असं झोनबद्दल आजही कौतुकाने म्हटलं जातं. पण ज्यांनी ती दाखवली त्यांच्यापैकी बहुतेकांच्या खिडकीतून झोन दिसत नव्हता. आपण स्थलांतरित आहोत, तेव्हा हे आपल्याला पटकन कळायला हवं. नव्या देशात आपली पहिली किराणा दुकानं, पहिल्या खानावळी स्वस्त भाड्याच्या गल्लीत उघडतात, आणि ती गल्ली स्वस्त का आहे याची कारणं त्या दुकानदाराने निवडलेली नसतात.

आता काम करणाऱ्यांकडे येऊ. झोनच्या ज्या गोष्टी गाजल्या त्या बहुधा गिऱ्हाइकांच्या आहेत. काँग्रेसमधले बलाढ्य पुढारी विल्बर मिल्स १९७४च्या नोव्हेंबरअखेर नशेत पिलग्रिम थिएटरच्या मंचावर, फॅनी फॉक्स या नर्तकीच्या कार्यक्रमात अवतरले आणि त्यांचं समितीचं अध्यक्षपद गेलं. हा किस्सा अजून चवीने सांगितला जातो. १९७६मध्ये हार्वर्डच्या फुटबॉल संघातल्या अँड्र्यू प्वोपोलो या विद्यार्थ्याला झोनमध्ये भोसकलं गेलं आणि महिन्याभराने त्याचा मृत्यू झाला. शहर हादरलं, पोलिसी कारवाया वाढल्या. त्या खटल्यात सरकारी पक्षाने कृष्णवर्णीय ज्युरर वगळले म्हणून १९७९मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला, आणि तो निकाल कायद्याच्या वर्गात शिकवला जाऊ लागला. १९८३मध्ये झोनमध्ये काम करणाऱ्या एका तरुणीचा जीव गेला. तो घेणारा तिचं गिऱ्हाईक झालेला विद्यापीठातला प्राध्यापक होता आणि ती मेली त्याच्या उपनगरातल्या घरात. धोका त्या वस्तीतून सभ्य जगात येतो असं आपण धरून चालतो. इथे तो उलट दिशेने गेला होता.

अशा जागांची एक खरी चांगली बाजूही आहे आणि ती नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. कॉम्बॅट झोनमध्ये प्लेलँड कॅफेसारखे बार होते, जिथे समलिंगी माणसं इतरत्र जे नातं लपवत ते न लपवता बसू शकत. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरबद्दल लेखक सॅम्युअल डिलेनी यांनी १९९९च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं. तिथल्या जुन्या सिनेमागृहांत वेगवेगळ्या वर्गांची, वर्णांची माणसं एकमेकांना भेटत, बोलत, कधी मदतही करत, आणि सफाईनंतर अशा भेटी घडवणारी जागाच उरली नाही, असं त्यांचं म्हणणं. ही आठवण मला पटते, कारण तिच्यात इतर माणसं आहेत. डिलेनी तिथे भेटलेल्यांची कामं, आजारपणं, बोलण्याच्या लकबी सांगतात. आपल्या बैठकींतल्या गोष्टींत माणूस एकच असतो, सांगणारा. बाकी सगळी सजावट असते.

झोन पुढे कसा संपला? व्हिडिओ कॅसेट घरोघरी पोचली आणि थिएटरांचं गिऱ्हाईक घटलं. पोलिसांचा आणि परवान्यांचा दबाव वाढत गेला. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे मध्यवर्ती बॉस्टनमध्ये जमिनीचे भाव चढले. २००१मध्ये तिथून हाकेच्या अंतरावर रिट्झ-कार्लटन उघडलं, मग महागड्या सदनिकांचे मनोरे उभे राहिले. एके काळी प्रौढांचे सिनेमे लावणारं पॅरामाउंट थिएटर एमर्सन कॉलेजने दुरुस्त करून २०१०मध्ये पुन्हा सुरू केलं. हे सगळं देखणं आहे. पण ज्या चायनाटाउनने झोनचा त्रास सोसला, त्यालाच आता वाढत्या भाड्यांनी बाहेर ढकलायला सुरुवात केली. घाण होती तेव्हा तिचा भार त्याच्यावर होता आणि सफाई झाली तेव्हा तिचं बिलही त्याच्याकडेच आलं. तिथे काम करणाऱ्या स्त्रियांचं पुढे काय झालं, याचा हिशोब ठेवण्याची तर कुणाला गरजच वाटली नाही.

आपल्याकडचा मामला आठवतो ना? २००५मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी पुढाकार घेतलेल्या बंदीने महाराष्ट्रातले डान्सबार बंद झाले. मुंबई पोलीस कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यात एक सवलत होती: तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं, क्लब, जिमखाने यांना बंदी लागू नव्हती. तोच नाच बिअरबारमध्ये अनीती आणि तारांकित हॉटेलात संस्कृती. हा भेदभाव आणि रोजगाराच्या हक्कावरचा घाला, या मुद्द्यांवर मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये बंदी रद्द केली, आणि २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. बंदीने सुमारे ७५ हजार स्त्रियांचं काम गेल्याचं न्यायालयात मांडलं गेलं. त्यांतल्या अनेकींना वेश्याव्यवसायाकडे वळावं लागल्याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही आहे. स्त्रियांच्या प्रतिष्ठेसाठी आणलेली बंदी सर्वांत जास्त त्याच स्त्रियांना महागात पडली.

म्हणजे हळहळणारे आणि सफाई करणारे, दोघंही मला एकाच चुकीच्या जागी उभे दिसतात. एकाला ती जागा म्हणजे आपलं तारुण्य वाटतं, दुसऱ्याला तो शहरावरचा डाग वाटतो. जिथे कुणीतरी नोकरी करत होतं आणि कुणाचंतरी घर होतं, अशी जागा म्हणून तिच्याकडे दोघंही पाहत नाहीत.

मग काय, गप्पच बसायचं? तसं माझं म्हणणं नाही. जाणाऱ्या प्रत्येकाला दोषी ठरवण्यातही मला रस नाही. तिथे काम करणाऱ्या प्रत्येक स्त्रीला अबला ठरवणं हाही तिचा अपमानच आहे. अनेकींनी त्या कमाईवर घरं चालवली, भावंडं शिकवली. माझी सूचना साधी आहे. पुढच्या वेळी बैठकीत असा किस्सा सांगायला तोंड उघडाल, तेव्हा श्रोत्यांत आणखी दोघी बसल्या आहेत असं समजा. एक त्या मंचावर नाचणारी, आता साठीची झालेली. दुसरी त्याच गल्लीत वरच्या मजल्यावर राहून अभ्यास करणारी शाळकरी मुलगी. त्या दोघींसमोर तो किस्सा आहे तसा सांगता येईल का? येत असेल तर जरूर सांगा, त्यांनाही कदाचित हसू येईल, त्या आपला एखादा किस्सा त्याला जोडतील. येत नसेल, तर नेमका कोणता शब्द घशात अडकतो ते पाहा.

पलीकडच्या खोलीतल्या बायका ऐकत नाहीत ना, हे आपण तपासतो, त्या अर्थी ही कसोटी आपल्याला आधीपासूनच ठाऊक आहे. फक्त आजवर आपण ती दार लावून घेण्यासाठी वापरली. दार उघडं ठेवून तोच किस्सा सांगून बघा. त्यात माणसं वाढतील, त्यांची नावं विचारावीशी वाटतील, आणि त्या क्लबचं नाव आठवणाऱ्याला तिथल्या एकाही बाईचं नाव का आठवत नाही, हा प्रश्न कुणीतरी सहज विचारेल.