मागून येणारा

मनुष्य कोठेंहि गेला तरी आपण तेथें येऊन गेल्याची कांहीं तरी खूण मागें ठेवावी असें त्यास वाटतें. या इच्छेला क्षुद्र म्हणावें कीं स्वाभाविक म्हणावें, हा वाद जुना आहे. त्र्यंबकेश्वरास गेलेला यात्रेकरू तीर्थोपाध्यायाच्या वहींत आपलें नांव, गांव, वाडवडिलांचीं नांवें नोंदवून येतो. आणि त्याच यात्रेकरूचा मुलगा सुटींत एकाद्या गडावर गेला म्हणजे तटाच्या चिऱ्यावर खिळ्यानें आपलें नांव कोरून येतो. बापलेकांची इच्छा एकच. परंतु बापाच्या लिहिण्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, उलट शंभर वर्षांनीं एकाद्या संशोधकाची सोय होते. लेकाच्या लिहिण्यानें दगड कायमचा विद्रूप होतो. भेद नेमका कोठें पडतो, याचा विचार करण्याचा प्रसंग मजवर आला तो घरापासून फार दूर, अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांतल्या एका रानांत. आणि ज्या खेळामुळें आला त्या खेळाचें मूळ इंग्लंडांत आहे.

डेव्हन परगण्यांत डार्टमूर नांवाचा उंच, ओसाड आणि दलदलीचा माळ आहे. त्याच्या उत्तर भागांत क्रॅनमिअर पूल म्हणून एक जागा आहे. पूल म्हणजे डबकें. पण आतां तेथें डबकेंहि उरलेलें नाहीं, काळ्या भुसभुशीत मातीचा एक खळगा तेवढा आहे. एकोणिसाव्या शतकांत तेथवर पोहोंचणें हें साहस समजलें जाई. चॅगफर्ड गांवचा जेम्स पेरट हा वाटाड्या हौशी प्रवाशांस तेथें घेऊन जात असे. त्यानें १८५४ सालीं तेथें दगडांची रास रचली, तींत एक बाटली ठेवली, आणि आलेल्या माणसानें आपल्या नांवाचें कार्ड तींत टाकावें अशी वहिवाट पाडली. पुढें लोक आपलाच पत्ता लिहिलेलें पोस्टकार्ड तेथें ठेवूं लागले. मागून येणारानें तें उचलावयाचें आणि गांवांत परतल्यावर टपालांत टाकावयाचें. 'लेटरबॉक्सिंग' हें नांव यावरूनच पडलें. मला या सर्व इतिहासांत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ज्याचें तोंड कधीं पाहिलें नाहीं आणि पुढेंहि पाहावयाचें नाहीं अशा माणसाचें पत्र खिशांत घालून, चिखल तुडवीत, कोणी दुसरा माणूस मैलोगणती चालत येतो. त्याला मोबदला नाहीं; आभारसुद्धां नाहींत, कारण पत्रावर त्याचें नांवच नसतें. पत्र घरीं येऊन पोहोंचलें म्हणजे 'माझ्यामागून कोणी तरी तेथें आलें' एवढेंच काय तें कळावयाचें.

पुढें बाटलीची पेटी झाली, कार्डांच्या जागीं वही आली, वहीबरोबर रबराचा शिक्का आला. १९३८ सालीं डक्स पूल या दुसऱ्या एका एकांत स्थळीं विल्यम क्रॉसिंगच्या स्मरणार्थ अशीच पेटी बसविण्यांत आली. डार्टमूरच्या वाटा सांगणारा मोठा ग्रंथ त्यानें १९०९ मध्यें प्रसिद्ध केला होता. कित्येक दशकें अशा पेट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. आज त्या माळावर त्यांची संख्या हजारांवर गेली आहे, आणि म्हणून नियमहि करावे लागले. प्राचीन थडगीं, शिळांच्या रांगा, पडकीं घरें अशा ठिकाणीं पेटी लपवूं नये, आणि ती सिमेंटनें पक्की करूं नये, असा तेथील दंडक आहे. खेळाला वयपरत्वें शहाणपण येतें, तें असें.

अमेरिकेंत हा छंद पसरला तो १९९८ सालीं 'स्मिथ्सोनियन' मासिकांत आलेल्या एका लेखामुळें. मासिकांतील लेख वाचून कोणी घराबाहेर पडल्याचें उदाहरण विरळाच. आम्हां लिहिणारांस तेवढाच दिलासा. त्या लोकांनीं यांत आपली एक भर घातली. शिक्का विकत न घेतां तो स्वतःच्या हातानें कोरावयाचा. खोडरबरासारख्या मऊ रबराचा तुकडा घ्यावयाचा, त्यावर चित्र उलटें उतरवावयाचें, आणि जें कोरें राहावयाचें तें बारीक कोरणीनें काढून टाकावयाचें. उरेल तें चित्र. सणासुदींचे शिक्के तर निराळेच: ऑक्टोबरच्या अखेरीस हॅलोवीनचा दांत विचकणारा भोपळा, नोव्हेंबरांत थँक्सगिव्हिंगचा टर्की, डिसेंबरांत नाताळचें सूचिपर्णी झाड. सोबत एक कोडें द्यावयाचें. तें सोडवीत, पावलें मोजीत, शोधणारा पेटीपाशीं येतो, तींतला शिक्का आपल्या वहींत उमटवितो, आपला शिक्का तिच्या वहींत उमटवितो, आणि पेटी होती तशी झांकून निघून जातो. नांवें सारीं टोपण.

तीन वर्षांपूर्वीं नाताळच्या सुटींत मी पुतण्याकडे गेलों असतां तो, त्याची आठ वर्षांची मुलगी आणि मी असे तिघे अशा शोधाला निघालों. पानगळ होऊन गेलेली. ओक आणि मेपल उघडे पडलेले, मधून मधून पाइन तेवढे हिरवे. त्या रानांत जागोजाग दगडांचे बुटके बांध आढळतात. तें पूर्वीं रान नव्हतें, शेतें होतीं; शेतकरी गेल्या शतकाच्याहि आधीं सोडून गेले, झाडें परत आलीं, बांध मात्र राहिले. अशा एका बांधापलीकडे उन्मळून पडलेल्या बुंध्याखालीं पेटी सांपडली. आंत शिक्का होता: कंदिलाखालीं बसलेला एक इवलासा पक्षी. काम इतकें नाजूक होतें कीं पिसांच्या रेघासुद्धां मोजून घ्याव्या.

मुलीनें तो वहींत उमटविला आणि मग हातांतून सोडीना. "आजोबा, हा मी घरीं नेते. उद्यां परत आणून ठेवीन." बाप म्हणाला, "आपल्यामागून कोणी येईल, त्याला काय मिळेल?" तिनें वहीचीं पानें उलटून पाहिलीं. शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वींची होती. ती म्हणाली, "आणि कोणी आलेंच नाहीं तर?"

तीस वर्षें नीतिशास्त्र शिकविलेल्या माणसास या प्रश्नाचें उत्तर जिभेच्या टोंकावर असावयास पाहिजे होतें. तें नव्हतें. प्लेटोनें 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या प्रकरणांत गायजीसच्या आंगठीची गोष्ट घातली आहे: अदृश्य होण्याची सोय झाली तर न्यायी आणि अन्यायी हे दोघेहि एकाच वाटेनें जातील, असा तेथें ग्लॉकनचा दावा आहे. त्या रानांत आम्ही तिघेहि अदृश्यच होतों. बापाचा युक्तिवाद परिणामावर उभा होता, आणि मुलीनें परिणामच काढून घेतला. जर्मन तत्त्वज्ञाचा आश्रय करून 'सर्वांनींच असें केलें तर?' असें विचारतां आलें असतें. पण तिनें तितक्याच सरळपणें सांगितलें असतें कीं सर्वजण तसें करीत नाहींत, मी एकटीच करीत आहें.

मला आतां असें वाटतें कीं आम्ही दोघेहि चुकीच्या दिशेला पाहत होतों. ऋण मागून येणाराचें नव्हतेंच. तें पुढें होऊन गेलेल्याचें होतें. ज्यानें तो पक्षी कोरला त्याला आमचें नांव, वर्ण, देश, वय यांपैकीं कांहीं माहीत नव्हतें. तरीहि हे लोक पेटी जशीच्या तशी ठेवतील असें त्यानें धरून चाललें. चौकशी न करतां टाकलेला विश्वास ही लहान देणगी नव्हे. जन्मभर आम्ही दाखले, सह्या, हजेऱ्या यांच्या जोरावर एकमेकांस ओळखतों. आणि माझ्याच वर्गांत एकाच्या नांवाला दुसरा 'हजर' म्हणतो हें मला कळत नाहीं असें नाहीं. येथें कोणी हजेरी घेत नव्हतें. ती पेटी आम्ही उघडली त्याच क्षणीं तो विश्वास आम्हीं घेतला. मागून कोणी येवो अथवा न येवो, तो घेतलेला होता.

कोणी म्हणेल, पेटी ठेवणारा तरी कोठला निष्काम? तो सहा महिन्यांनीं येऊन वही चाळतो, किती आले तें मोजतो, कोणीं शिक्क्याची तारीफ केली तें वाचून सुखावतो. गीतेच्या कसोटीस तो उतरणार नाहीं, हें खरें. पण पायरीवर नांवाची फरशी बसविणारा दाता आणि कोणास न कळतां देऊन जाणारा दाता यांच्यामध्यें पुष्कळ मोकळी जागा आहे, आणि बहुतेक बऱ्या माणसांचा संसार त्या मधल्या जागेंतच चालतो. या माणसानें आपली कीर्तीची हौस मारली नाहीं. तिला एक डबा करून दिला, आणि तो डबा बुंध्याखालीं ठेवला. जो तेथवर चालून जाईल त्यालाच ती दिसावी. शिवाय तिच्याशेजारीं दुसऱ्याच्या खुणेसाठीं कोरें पान ठेवलें. उपाध्यायाच्या वहींत हेंच असतें. गडाच्या चिऱ्यावर तें नसतें. रानांत प्लॅस्टिकचा डबा ठेवण्यास माझी हरकत आहे, ती मी पुतण्यास सांगितलीहि. त्याला ती पटली नाहीं.

मुलीनें शिक्का परत ठेवला. माझ्या विवेचनामुळें नव्हे, कारण तें मला चार दिवसांनीं सुचलें. तिचीं बोटें गारठलीं होतीं, बापाचा आवाज चढूं लागला होता. तिनें तो पिशवींत घातला, झांकण लावलें, आणि मोटारीपर्यंत कोणाशीं बोलली नाहीं.

तिच्या त्या अबोल्याची मला लाज वाटली, आणि त्याला कारण होतें. एकोणिसाव्या वर्षीं मीहि सह्याद्रींतल्या एका गडाच्या दरवाजाच्या आंतल्या चिऱ्यावर आपलें नांव आणि साल कोरलें होतें. बरोबरचे मित्र पुढें गेले होते. पाहणारें कोणी नव्हतें. पुढें अनेक वर्षें मीं विद्यार्थ्यांस गडावर नेलें, चिरे विद्रूप करूं नका म्हणून बजावलें, आणि त्या दरवाजाशीं आलों म्हणजे घाईनें पुढें झालों. गेल्या माघांत तेथें एकटाच गेलों. तें नांव कसें तरी घांसून काढतां येईल काय, हें पाहावयाचें होतें. चिरा सांपडला. त्यावर नांवांची इतकी दाटी झाली होती कीं माझें पहिलें अक्षर आणि सालाचा शेवटचा आंकडा एवढेंच ओळखूं आलें. उरलेल्यावर कोणीं एकानें ठसठशीत अक्षरांत आपलें नांव कोरलें होतें. अक्षराच्या कडा अजून पांढऱ्या होत्या.