युद्धवार्ता आणि तिचा श्रोता

बारामतीस कऱ्हेकाठी बसून मोरोपंतांनी (१७२९-१७९४) सारे भारत आर्यावृत्तात उतरविले. त्या कथेतील रणसंग्राम राजास कळतो तो संजयाच्या मुखाने. आणि दिव्यदृष्टी लाभलेला हा सूत जगातील आद्य युद्धवार्ताहर होय, असे म्हणण्याची आता चालच पडली आहे. उपमा मला मान्य आहे. मात्र ती देणारे ती अर्धीच देतात. संजयाचा श्रोता कोण होता, इकडे कोणी पाहत नाही.

धृतराष्ट्र नेत्रांनी अंध, आणि पुत्रमोहाने त्याहूनही अधिक. त्यास युद्धाची हकीकत नको होती, जयाची बातमी हवी होती. मूळ भारतात संजय रणांगणावरून येतो तो प्रथम सांगतो काय, तर भीष्म पडले! पुढेही, या संहाराचे मूळ तुझ्याच वर्तनात आहे, हे राजास बजावावयास तो कचरत नाही. ज्याचे अन्न खावयाचे त्यासच हे ऐकवावयाचे, ही गोष्ट सामान्य नव्हे.

लंडनच्या 'टाइम्स'चा वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल याने १८५४ साली क्रिमियातील इंग्रज सैनिकांचे हाल वेशीवर टांगले. त्यातून उसळलेल्या लोकक्षोभात १८५५ च्या आरंभी ॲबर्डीनचे मंत्रिमंडळ कोसळले. त्याच्या सामर्थ्याचा हा दाखला सर्वच देतात. मला त्याचे मोल वाटते ते निराळ्या कारणासाठी. १८५८ साली तो हिंदुस्थानात आला. कानपूरच्या बिबीघरात इंग्रज स्त्रियामुलांची कत्तल झाली होती, हे खरेच. पण तेथील भिंतींवरची सूडाची वाक्ये त्या अभागी स्त्रियांनीच लिहिली, अशी समजूत पसरून गोऱ्या शिपायांचे रक्त उसळत होते. हॅवलॉक तेथे शिरला तेव्हा ती अक्षरे भिंतीवर नव्हतीच, असे रसेलने स्वच्छ लिहून ठेवले. स्वकीयांचा क्रोध अजून निवालेला नसता हे लिहावयास केवढी छाती हवी!

आता स्वतःविषयी. ८ मे २०२५ च्या रात्री मी इंदापुरास थोरल्या बहिणीच्या घरी होतो. दूरचित्रवाणीवर कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाल्याची वार्ता आली. मुलांनी टाळ्या पिटल्या, आक्कांनी साखर वाटली. आणि जन्मभर तर्कशास्त्र शिकविणारा मी, प्रमाण कोणते हे न विचारता ती साखर तोंडात टाकली. बंदरावर खलाशी असतील, हमाल असतील, हा विचारही मनास शिवला नाही. वार्ता खोटी होती, हे दुसऱ्या दिवशी उघड झाले.

जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर वर्गात मी वार्ताहरांवर सडकून टीका केली. बातमीचा बाजार मांडणाऱ्यांस मी जे बोललो त्यातील एक शब्दही मागे घ्यावा असे मला आजही वाटत नाही. पण मागच्या बाकावरील एक मुलगा उठून नम्रपणे म्हणाला, "सर, बंदर शाबूत आहे असे त्याच रात्री दुसऱ्या एखाद्या वाहिनीने सांगितले असते, तर आपण ती पाहत बसला असता का?"

मी क्षणभर थांबलो. मग म्हटले, "नाही. दुसरी लावली असती." धृतराष्ट्राने, काही असो, संजयास अखेरपर्यंत घालवून दिले नव्हते.