शस्त्रक्रियेपूर्वीचे भय



मागच्या पौर्णिमेला आमच्या विहारात एका भगिनीने मला प्रश्न विचारला. तिच्या मुलीच्या हृदयाची झडप खराब झाली आहे, शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे आणि घरात कोणाला झोप नाही. ती म्हणाली, "गुरुजी, आपण देव सोडले. आता भेव वाटलं तर नाव कुणाचं घ्यायचं?" दोन-तीन तरुण हसले. मला हसू आले नाही. चार वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्या घरात उभा राहिला होता आणि मी त्याचे उत्तर चुकीचे दिले होते.

माझी हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावाचून पुढील विवेचन पोकळ वाटेल. मी परभणी जिल्ह्यातील एका विनाअनुदानित शाळेत गणित शिकवतो. आमच्या घराने दीक्षा उशिरा घेतली. घेतली तेव्हा मीच पुढे होतो. देव्हाऱ्यातील टाक मी स्वतः गंगाखेडला नेऊन गोदावरीत सोडले. आईने विरोध केला नाही, परंतु त्या दिवशी ती जेवली नाही. पुढे पाच वर्षांनी मला जिना चढताना धाप लागू लागली, रात्री आडवे पडले की श्वास कोंडू लागला, आणि तपासणीत हृदयाच्या डाव्या बाजूची झडप आकसल्याचे निघाले. छाती उघडून झडप बदलावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले.

गावात ही बातमी पोचताच एक चुलती म्हणाली, "देव पाण्यात टाकले, त्याचंच हे फळ." नवदीक्षित कुटुंबांपैकी कोणाला हे वाक्य ऐकावे लागले नसेल? घरात कोणी आजारी पडले, म्हैस मेली, नोकरी गेली, की हे वाक्य दारात येऊन बसते. म्हणून या आजाराचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. आपल्यासारख्या वस्त्यांत तरुण वयात झडप बिघडते ती बहुधा लहानपणच्या घशाच्या आजारामुळे. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूंनी घसा सुजतो, ताप येतो. त्यावर वेळेवर पेनिसिलीनसारखे औषध मिळाले नाही, तर काही मुलांच्या शरीरातील रोगाशी लढणारी शक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सुजलेले सांधे बरे होतात, पण झडपेवर व्रण राहतो. पुन्हा पुन्हा असा ताप आला की व्रण वाढत जातो आणि दहा-वीस वर्षांनी धाप लागते. एका खोलीत सात-आठ माणसे, ओल धरलेल्या भिंती, दूर असलेला दवाखाना, ही या रोगाची जन्मभूमी आहे. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ नाहीसा झाला, आपल्याकडून अजून गेलेला नाही.

मला तो ताप आला दहाव्या वर्षी. त्या वेळी आमचा देव्हारा भरलेला होता. आषाढात मरीआईला बोकडही दिले होते. म्हणजे माझी झडप बिघडली ती देव घरात असताना! मी हे चुलतीला सांगितले. तिने ऐकून घेतले, पण तिला ते पटले नाही. पटायला वेळ लागतो, त्याचे मला विशेष वाटत नाही. (देव काढले म्हणून मी बरा झालो असे उद्या कोणी म्हणू लागला, तर तीही अंधश्रद्धाच होय.) दुसरे एक शहाणे गृहस्थ पूर्वजन्मीचे कर्म काढून बसले. माणसाची आजची हलाखी त्याच्या मागच्या जन्माच्या खात्यावर टाकणारी ही शिकवण प. पू. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात साफ नाकारली आहे. माझ्या दहाव्या वर्षी पेनिसिलीनचे इंजेक्शन मिळाले नाही, याचा हिशेब याच जन्मात आणि याच समाजात मागितला पाहिजे.

येथपर्यंत सर्व ठीक. पण खरी अडचण येथूनच सुरू होते. कारण कळल्यामुळे माझ्या मनातील अपराधीपणा गेला, भीती मात्र गेली नाही. डॉक्टर म्हणाले, शंभरातील सत्त्याण्णव रुग्ण बरे होऊन घरी जातात. मी गणिताचा मास्तर. वर्गात संभाव्यता शिकवणारा. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात सत्त्याण्णव कधी आलेच नाहीत, फक्त ते तीन येत राहिले. फळ्यावर लिहिताना हात थांबे. मुलाला जवळ घेतले की घसा दाटे. आणि या सर्वांवर आणखी एक लाज होती, ती अशी की विहारात पंचशील सांगणारा मी, इतका घाबरतो कसा?

भय वाटणे हा धम्मातील कमीपणा आहे काय? मी तसे समजत होतो. आपण लढणाऱ्या चळवळीचे लोक आहोत. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यातील गावोगाव आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हाच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. त्या भयाला उभे राहून तोंड देता येते, कारण समोर कोणीतरी असते. परंतु स्वतःच्या छातीतच वैरी बसला असेल, तर घोषणा कोणाविरुद्ध द्यायची?

मज्झिम निकायात भयभेरव नावाचे सुत्त आहे. जाणुस्सोणी नावाचा ब्राह्मण तथागतांना विचारतो की, अरण्यात एकटे राहणे अवघड नाही काय? तथागत त्याला आपल्या संबोधीपूर्वीच्या दिवसांतील अनुभव सांगतात. ज्या स्थानांची लोकांना भीती वाटे, अशा वनांतील चैत्यांपाशी ते मुद्दाम रात्री जाऊन राहत. एखादे जनावर जवळून जाई, मोर काटकी मोडी, वाऱ्याने पाला सळसळे, आणि भय येई. तेव्हा त्यांनी काय केले? चालत असताना भय आले तर ते ओसरेपर्यंत चालतच राहिले, बसलेले असताना आले तर बसूनच राहिले. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्याला भय वाटलेच नाही, असे तथागत म्हणत नाहीत. भय आले, हे ते स्वतः सांगतात. त्या भयामुळे ते जागेवरून उठून पळाले नाहीत, आणि कोणाची करुणाही भाकली नाही, एवढाच काय तो फरक. हे वाचल्यावर माझी निम्मी लाज गेली. जे मार्गदात्याला आले, ते मास्तराला येणारच.

आता माझी चूक सांगतो. मुंबईला निघण्याच्या आदल्या रात्री आई माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "लेकरा, एक डाव ऐक माजं. मरीआईला नारळ बोलू दे. बोकड नाही, नुसता नारळ." मी उसळून म्हणालो, "बावीस प्रतिज्ञा विसरलीस काय? तुझ्यासारख्यांमुळेच समाज मागे राहतो!" आई गप्प झाली. थोड्या वेळाने तिने हळूच विचारले, "मग म्या काय करू?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. प्रतिज्ञा माझ्या बाजूने होत्या. नवस हा सौदा आहे, आणि सौद्याने झडप उघडत नाही, हेही खरे. पण आईला देवी हवी होती असे मला आज वाटत नाही. तिला हाताला काहीतरी काम हवे होते. पोराचा जीव टांगणीला लागलेला, आणि हात जोडून नुसते बसायचे, हे तिला सोसत नव्हते. जुन्या रूढीने तिला अशा वेळी करायला खूप काही दिले होते. उपास, ओटी, दंडवत, नारळ. ते सगळे मी काढून घेतले आणि त्या जागी एक भाषण ठेवले. धर्मांतर झालेल्या घरांतून हे सर्रास घडते, आणि ते मोठ्या आवाजात करणारे बहुधा आम्ही पदवीधर पोरेच असतो.

मग धम्माने अशा वेळी करायला काय दिले आहे? रुग्णालयात गेल्यावर ते एकेक दिसू लागले.

विनयपिटकात जीवकाची कथा आहे. उकिरड्यावर टाकून दिलेले हे मूल राजपुत्र अभयाने वाढविले आणि तक्षशिलेला शिकून तो बुद्धकाळातील सर्वश्रेष्ठ वैद्य झाला. राजगृहाच्या एका श्रेष्ठीचे डोके उघडून त्याने शस्त्रक्रिया केली. त्याआधी त्याने रुग्णाला विचारून घेतले की, एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि पाठीवर सात महिने निजशील काय? श्रेष्ठी हो म्हणाला. प्रत्यक्षात तो प्रत्येक वेळी सात दिवसांतच कंटाळला आणि एकवीस दिवसांत बरा झाला. आधी जास्त मुदत सांगितली नसती तर एवढाही निजला नसता, असे जीवकाने त्याला नंतर सांगितले. मुदत फुगवून सांगण्याची ही युक्ती मला तितकीशी आवडत नाही. पण पुढे काय सोसावे लागणार आहे ते रुग्णाला आधी सांगून ठेवायचे, हे सूत्र मोलाचे आहे. आमच्या वॉर्डातील एका सिस्टरने मला तेच केले. शुद्धीवर येशील तेव्हा घशात नळी असेल, बोलता येणार नाही, त्याने घाबरू नकोस, हाताने खूण कर. छातीच्या मधल्या हाडाला तार असेल, खोकताना दुखेल. तीन गोळ्यांचे एक यंत्र देऊन तिने दीर्घ श्वास ओढायला शिकविले. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसे नीट उघडावीत म्हणून ते करावे लागते. मी तो श्वास ओढताना त्याच्याकडे लक्ष ठेवू लागलो. विपश्यनेविषयी आपल्यात मतभेद आहेत, त्यात मी शिरत नाही. पण श्वासावर लक्ष असताना ते तीन जण डोक्यात येत नसत, हा माझा अनुभव आहे.

झडपेबद्दलही मी वाचले. १९६० साली अमेरिकेत स्टार हा शल्यविशारद आणि एडवर्ड्स हा अभियंता यांनी बनविलेली कृत्रिम झडप माणसाच्या हृदयात यशस्वीपणे बसविण्यात आली. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे खपून, आधीचे नमुने फसल्यावरही न थांबता, स्वस्त भारतीय झडप तयार केली आणि १९९० च्या डिसेंबरात ती पहिल्यांदा रुग्णाला बसविली. माझा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झाला. म्हणजे ज्या टेबलावर मी निजणार होतो, त्याच्याभोवती कितीतरी माणसांची मेहनत उभी होती. देवळात मला असे कोणी दिसले नव्हते.

शेवटची रात्र. छातीवरचे केस काढलेले, औषधी साबणाची आंघोळ झालेली, दहानंतर पाणीही बंद. दोनच्या सुमारास दचकून उठलो आणि तोंडातून पहिले नाव निघाले ते मरीआईचे! आईला प्रतिज्ञा ऐकविणाऱ्या माझ्या तोंडातून. मी अंधारात शरमेने घामाघूम झालो. मग संयुत्त निकायातील दोन बाणांचा दृष्टान्त आठवला. एक बाण लागला म्हणजे देहाची वेदना, आणि त्यावर शोक करीत बसणे हा आपणच लावून घेतलेला दुसरा बाण. भय हा पहिला बाण होता. त्या भयाची लाज हा दुसरा. लहानपणापासून जिभेला लागलेले वळण दीक्षेच्या एका दिवसात कसे जाईल? मी दिवा लावून बसलो आणि पत्नीला हाक मारली.

तिने जे केले ते पुढे अंगुत्तर निकायात वाचताना मला नवल वाटले. नकुलपिता अत्यवस्थ असता नकुलमाता त्याला सांगते की, चिंता घेऊन मरू नका. मी सूत कातते, लोकर पिंजते, मुले पोसीन, घर चालवीन. तथागतांना आणि संघाला अंतर देणार नाही. असे एकेक काळजीचे नाव घेऊन ती ती काळजी उतरवते आणि नकुलपिता बरा होतो. माझ्या पत्नीने काही सूत्र वाचलेले नव्हते. ती म्हणाली, "अहो, पतसंस्थेचं कर्ज किती राहिलं ते मला लिहून द्या. मी शिलाई करते, पोरगं शाळेतून काढणार नाही. आईंना मी बघीन." आम्ही वहीत सर्व लिहून काढले. 'काही होणार नाही' असे ती एकदाही म्हणाली नाही. लिहून झाल्यावर मला झोप लागली.

आणि आई? विहारातील पाच तरुणांनी रक्तपेढीत रक्त दिले. आईही रांगेत उभी राहिली, पण वय जास्त म्हणून तिला परत पाठविले. त्याच दिवशी सिस्टर म्हणाल्या होत्या की, खोकताना छातीशी धरायला एक घट्ट उशी लागेल. आई जन्मभर वाकळा शिवत आली आहे. तिने आपले जुने लुगडे फाडले, आत चिंध्या ठासल्या आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून दोन दिवसांत उशी शिवली. शस्त्रक्रियेनंतर पहिला खोकला आला तेव्हा ती उशी मी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

जाता जाता परित्राणाच्या धाग्याविषयी. मनगटाला बांधलेला धागा शस्त्रक्रियागृहात नेताना काढून ठेवायला सांगतात, तेव्हा काही बांधव हुज्जत घालतात. परित्राण पाठ ऐकून मन शांत होत असेल तर अवश्य ऐकावा. पण धागा वाचवील असे वाटत असेल, तर आपण गंडा सोडला नाही, फक्त त्याचा रंग बदलला.

त्या भगिनीला मी हे सर्व सांगितले नाही, तेवढा वेळ नव्हता. रक्त देणारे कोण कोण आहेत ते आधी ठरवा, मुलीचे दात तपासून घ्या, कारण दाताचा जंतुसंसर्ग नव्या झडपेला बाधतो, आणि तिला काय काय होणार आहे ते तिच्यापासून लपवू नका, असे सांगितले. मग तिला घरी बोलावून आईजवळ बसविले. शांत खोलीत माझी झडप घड्याळासारखी टिकटिकते. त्या मुलीने कान देऊन ती ऐकली. रक्त पातळ ठेवणारी गोळी मला जन्मभर घ्यावी लागते आणि दर महिन्याला रक्त तपासावे लागते. त्या तारखा आई भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर कोळशाने खुणा करून ठेवते. आईला लिहिता येत नाही. तिने ती दिनदर्शिका मुलीला दाखविली, आणि दोघी उशीसाठी जुने लुगडे शोधायला आत गेल्या.