दोन पुठ्ठ्यांमधला शब्द

उत्तनहून निघालेला रस्ता चौक या गावी येऊन संपतो आणि पुढे समुद्र उरतो. मीरा-भाईंदरच्या उंच इमारती इथून पाहताना दुसऱ्याच मुलखातल्या वाटतात. टेकाडावर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. १७३९ च्या मार्चमध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने हा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला, त्यानंतर मे महिन्यात वसई पडली. खाली पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगणाऱ्या ख्रिस्ती कोळ्यांची वस्ती आहे. त्यांची घरची बोली मराठीच. इथेच बालेशाह पिराचा दर्गा आहे. २०२५ मध्ये त्याच्या बांधकामाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जागेचा प्रश्न कायदा सोडवील. चौकला गेल्यावर माझ्या मनात घोळत राहिला तो त्याहून जुना प्रश्न: ग्रंथ कोणाचा?

हा प्रश्न आज बहुधा कुरआनाबाबतच विचारला जातो आणि तोही भांडणाच्या सुरात. म्हणून आधी मुसलमानांची श्रद्धा नेमकी काय आहे ते नीट समजून घेतले पाहिजे. इ.स. ६१० ते ६३२ या काळात प्रेषित मुहंमदांवर ‘वही’, म्हणजे ईश्वरी संदेश, उतरत गेली. कुरआनाच्या ११४ सुरांमध्ये, म्हणजे अध्यायांमध्ये, जे आहे त्यातला आशय ईश्वराचा, तसा शब्दही ईश्वराचा. प्रेषित तो ऐकणारे आणि पोहोचवणारे. ते लिहा-वाचायला शिकलेले नव्हते, ही गोष्ट परंपरेने या श्रद्धेला आधार म्हणून सांगितली. आणि कुरआनाने स्वतःच आव्हान दिले आहे की शंका असेल तर यासारखी एक तरी सुरा रचून दाखवा.

ही श्रद्धा सर्वांची, पण तिचा अर्थ सर्वांचा एक कधीच नव्हता. नवव्या शतकात बगदादमध्ये मुतझिला पंथाचे पंडित म्हणत: कुरआन ईश्वराचा शब्द आहे, पण तो ईश्वराने निर्माण केला आहे; ईश्वराखेरीज दुसरे काही अनादी मानले तर एकेश्वरवादच उरत नाही. विरोधक म्हणत: ईश्वराची वाणी हा त्याचा गुण आहे आणि गुण गुणीइतकाच अनादी असतो. या आव्हानामागच्या अद्वितीयतेच्या दाव्यावरही असाच मतभेद होता. नज्जाम या मुतझिली पंडिताचे मत असे की चमत्कार शैलीत नाही. तसे काही रचण्याची माणसांची शक्तीच ईश्वराने रोखून धरली, चमत्कार तो आहे. अकराव्या शतकातल्या अब्दुल काहिर जुर्जानी यांनी उलट सांगितले: सुट्या शब्दांत जादू नसते, ती शब्दांच्या परस्परसंबंधांत, वाक्याच्या घडणीत असते. काश्मीरमध्ये ध्वनी आणि वक्रोक्ती यांची चर्चा ज्या शतकांत झाली, साधारण त्याच शतकांत अरबी पंडित एका ग्रंथाच्या सौंदर्याचे कोडे सोडवत होते.

मराठी वाचकाला यातले काही परके वाटायचे कारण नाही. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत. ते कोणीच रचलेले नाहीत, ईश्वरानेही नाहीत. शब्द नित्य आहे. नैयायिकांना हे मान्य नव्हते. शब्द अनित्य आहे, वेदांचा कर्ता ईश्वर आहे आणि तो विश्वासार्ह वक्ता म्हणून वेद प्रमाण आहेत, असे ते म्हणत. बौद्धांनी आणि जैनांनी वेदप्रामाण्यच नाकारले. चौकच्या ख्रिस्ती कोळ्यांच्या धर्मपीठाची भूमिका आणखी वेगळी. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले की बायबलचा कर्ता ईश्वर आहे, आणि ज्यांच्या हातून ते लिहिले गेले ती माणसेही त्याचे खरे लेखक आहेत. एकाच गावात ‘ग्रंथ देवाचा’ या वाक्याचे इतके वेगळे अर्थ नांदतात. दुसऱ्याच्या अर्थाला भाबडेपणा म्हणण्याआधी आपला अर्थ तपासून घ्यावा. जे माप शेजाऱ्याच्या ग्रंथाला लावायचे, ते आपल्या ग्रंथालाही लावता आले पाहिजे.

अद्वितीयतेचा दावा भाषांतरापाशी येऊन अडतो आणि इथे मुंबईचा संबंध जवळचा आहे. इस्लाम स्वीकारलेले इंग्रज लेखक मार्मड्यूक पिकथॉल १९२० ते १९२४ या काळात ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या वृत्तपत्राचे संपादक होते. पुढे हैदराबादेत असताना त्यांनी इंग्रजी कुरआन पूर्ण केला. १९३० मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनी शीर्षकातच तो कुरआनाचा ‘अर्थ’ असल्याचे सांगितले, कारण कुरआनाचे भाषांतर होऊच शकत नाही अशी त्यांची धारणा होती. दुसरा गाजलेला इंग्रजी अनुवाद अब्दुल्ला युसूफ अली यांचा. ते मुंबईच्या विल्सन कॉलेजचे विद्यार्थी. ज्या जॉन विल्सन या मिशनऱ्याच्या नावाने ते कॉलेज आहे, त्यांनी त्याच शहरात इस्लामच्या खंडनार्थ लिहिले होते. कुरआनाचे सस्वर पठण, तिलावत, ऐकताना अरबी न कळणाऱ्या माणसाचेही डोळे भरून येतात, हे मी पाहिले आहे. ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसलेल्या वारकऱ्याचेही येतात. हा अनुभव दुसऱ्यासाठी पुरावा ठरत नाही. पण पुरावा नाही म्हणून तो खोटाही ठरत नाही.

मग मूळ दैवी की मानवी, हे ठरवायचे कोणी? इतिहासाने एक उत्तर देऊन पाहिले आहे. इ.स. ८३३ मध्ये खलिफा मामूनने मुतझिलांचे मत राज्याचे मत केले आणि काजी-पंडितांची झडती सुरू केली. ‘कुरआन निर्मित आहे’ असे म्हणायला नकार देणाऱ्या अहमद इब्न हनबल यांना पुढच्या खलिफाच्या काळात फटके मारले गेले. इथे आसूड हाती धरणारे बुद्धिवादाचे पक्षपाती होते आणि मार खाणारा परंपरावादी. साडेअकराशे वर्षांनी चित्र उलटे झाले. कुरआनाकडे भाषेच्या आणि इतिहासाच्या अंगाने पाहणारे इजिप्तचे अभ्यासक नस्र हामिद अबू झैद यांना १९९५ मध्ये न्यायालयाने धर्मत्यागी ठरवले, त्यांचा विवाह रद्दबातल केला. त्यांना देश सोडावा लागला. दोन्ही वेळा सत्तेने निकाल दिला आणि दोन्ही वेळा प्रश्न सुटला नाही. श्रद्धा सक्तीने येत नाही आणि संशोधन भीतीखाली होत नाही.

महाराष्ट्राने याहून चांगले उत्तर शोधले आहे, असे मला वाटते. जोतीराव फुले यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये आलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त कोणताच धर्मग्रंथ निर्मिकाने, म्हणजे ईश्वराने, केलेला मानलेला नाही. त्याच फुल्यांनी मुहंमदांचा गौरव करणारी रचना केली आणि एकाच घरात वेगवेगळ्या धर्मांची माणसे प्रेमाने राहतील, असे चित्र रेखाटले. विनोबांनी अरबी शिकून कुरआन मुळातून वाचला. १९६२ मध्ये त्यांचे ‘कुरआन-सार’ आले. ईश्वराच्या ग्रंथातून परधर्मीयाने निवड करावी का, अशी टीका पाकिस्तानातून झाली; ते श्रद्धेने निवडत राहिले. माथेरानला जन्मलेले कायदेपंडित आसफ फैजी यांनी १९६३ च्या आपल्या पुस्तकात मांडले की संदेश ईश्वराचा आहे, पण तो मुहंमदांच्या भाषेतून आला आहे, म्हणून प्रत्येक युगाला तो नव्याने समजून घ्यावा लागेल. इस्लामचे अभ्यासक असगर अली इंजिनिअर कुरआनाला ईश्वरी वचन मानत. त्यातली शाश्वत मूल्ये आणि त्या काळापुरते आदेश यांत ते भेद करत. आणि मिरजोळीचे हमीद दलवाई. ते अश्रद्ध होते. धर्मग्रंथ माणसांचे, म्हणून त्यांची चिकित्सा झाली पाहिजे, असे ते उघडपणे म्हणत. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करताना त्यांनी फुल्यांचा ‘सत्यशोधक’ हा शब्द उचलला, तो जाणीवपूर्वक.

ग्रंथाच्या उगमाबद्दल ही माणसे एकमेकांशी सहमत नव्हती. पण तोंडी तलाकने रस्त्यावर आलेल्या बाईचा प्रश्न आला, तेव्हा दलवाई आणि इंजिनिअर एकाच बाजूला उभे होते. १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाक बंद व्हावा म्हणून दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. इंजिनिअर तीच मागणी कुरआनाचा आधार देऊन करत राहिले. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तिहेरी तलाक रद्द केला, तेव्हा बहुमतातही या दोन वाटा दिसल्या. न्या. नरीमन आणि न्या. लळित यांनी संविधानाच्या अनुच्छेद १४ वर बोट ठेवले. न्या. कुरियन जोसेफ यांनी ही प्रथा कुरआनाच्याच शिकवणुकीविरुद्ध असल्याचे सांगितले.

यावर श्रद्धावान विचारील: संदर्भ, काळ, भाषा असे म्हणत गेले तर ग्रंथाचा अधिकार उरतो कुठे? भीती खरी आहे. पण तिचे उत्तर परंपरेतच आहे. इ.स. ६५७ मध्ये सिफ्फीनच्या रणांगणावर खलिफा हजरत अली यांच्या विरोधकांनी भाल्यांना कुरआन बांधून त्यानुसार निवाड्याची मागणी केली. त्या प्रसंगाबद्दल अली यांच्या नावे सांगितले जाते की कुरआन दोन पुठ्ठ्यांमध्ये लिहिलेला आहे, तो स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने माणसे बोलतात. शब्द ईश्वराचा मानला तरी अर्थ लावणारा माणूस चुकू शकतो, आणि म्हणून तो जबाबदार असतो. आपल्या क्रौर्याचे किंवा आपल्या सोयीचे ओझे त्याला ईश्वरावर टाकता येणार नाही. टीकाकारालाही हेच लागू आहे. कुरआनातले एखादे वचन, एक आयत, उचलून कोट्यवधी माणसांचे मन ओळखल्याचा दावा करणाऱ्यानेही अर्थच लावलेला असतो, आणि त्या अर्थाचा जाब त्यालाही द्यावा लागेल.

म्हणून उगमाचा प्रश्न मिटवण्याची घाई मला नाही. कुरआन मुखोद्गत असलेल्या हाफिजाला तो शब्द अनादी वाटू दे, दलवाईंच्या वारसांना मानवी वाटू दे, आणि दोघांनाही ते निर्धास्तपणे बोलता येऊ दे. आग्रह हवा तो अर्थाबद्दल. चौकच्या रस्त्यावर, भाईंदरच्या लोकलमध्ये, मीरा रोडच्या सोसायटीत आपण शेजाऱ्याला सहज विचारतो, ‘तुमच्या ग्रंथात असेच लिहिले आहे ना?’ त्याऐवजी ‘तुम्ही ते कसे वाचता?’ असे विचारून पाहावे. पहिल्या प्रश्नाला त्याला बचाव करावा लागतो. दुसऱ्या प्रश्नाला विचार करावा लागतो, आणि मग तो आपल्यालाही तेच विचारू शकतो.